बेस किती हवा? आवड किती, भरपाई किती

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हेडफोन बघायला आलेलं गिऱ्हाईक बहुधा पहिला प्रश्न विचारतं, ‘बेस कसा आहे?’ ट्रेबल कसा आहे, गाणाऱ्याचा गळा कसा वाटतो, हे विचारणारे विरळाच. कंपन्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. सोनीने वॉकमनवर ‘मेगा बेस’ छापलं आणि पुढे ‘एक्स्ट्रा बेस’ नावाने हेडफोनची मालिकाच काढली. ‘बोट’ या भारतीय कंपनीच्या वायरवाल्या इअरफोनचं नावच ‘बेसहेड्स’. डॉ. ड्रे आणि जिमी आयोविन यांच्या ‘बीट्स’ने २००८ पासून दणदणीत बेसच्या जोरावर बाजार मारला आणि २०१४ साली ॲपलने ती कंपनी तीन अब्ज डॉलरना विकत घेतली.

एवढं असूनही एकाच हेडफोनवर एकाच घरात एकमत होत नाही. मुलगा म्हणतो, बेस कमीच आहे. वडील म्हणतात, नुसतं ढब ढब ऐकू येतंय, शब्द कुठे आहेत? मग ‘आवड ज्याची त्याची’ असं म्हणून विषय संपवला जातो. पण गेल्या दहा-बारा वर्षांतलं संशोधन बघितलं तर तो इतक्यात संपवण्याचं कारण नाही. ज्याला आपण बेसची आवड म्हणतो, त्यातला बराच भाग आवडीचा नसतोच. कुठेतरी गळून गेलेला बेस आपण भरून काढत असतो. ही भरपाई वजा केली की जी उरते ती खरी आवड, आणि ती बहुतेकांच्या बाबतीत थोड्याच डेसिबलची निघते.

बेस म्हणजे नेमकं काय?

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. सप्तकांत मोजलं तर हा पल्ला दहा सप्तकांचा होतो. त्यातली खालची साडेतीन सप्तकं, म्हणजे सुमारे २५० हर्ट्झपर्यंतचा भाग, बेसची. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते.

या साडेतीन सप्तकांचा स्वभाव सगळीकडे सारखा नाही. साठ हर्ट्झच्या खालचा सब-बेस ऐकू येण्यापेक्षा जाणवतो. शंभरच्या आसपास ठोक्याचं वजन असतं. दीडशे ते तीनशेच्या पट्ट्यात आवाजाचा भरीवपणा असतो आणि तो वाढला की गढूळपणाही तिथेच येतो. डग्ग्यावर ‘घे’ वाजतो तेव्हा हे वेगवेगळं ऐकता येतं. आधी बोटांचा चामड्यावरचा आघात येतो. तो बराच वरच्या पट्ट्यात असतो आणि क्षणात विरतो. त्याच्या पाठोपाठ खालून घुमारा उठतो आणि वादक मनगटाने दाब देईल तसा सरकत वर चढतो. शंभरच्या खालचा भाग वाढवला तर हा घुमारा खोल होतो. दोनशेच्या आसपास वाढवला तर डग्गा गोधडीखाली ठेवल्यासारखा वाटतो आणि त्याचा आवाज गायकाच्या खालच्या सुरांवर सांडतो. ‘बेस हवा’ म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा पहिला भाग असतो आणि ‘बेस फार झाला’ म्हणणाऱ्याच्या मनात दुसरा. अर्धे वाद इथेच सुरू होतात.

बरोबर पातळी कोणी ठरवायची?

स्पीकरच्या बाबतीत उद्दिष्ट तुलनेने सोपं असतं. प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत त्याच्यासमोर मायक्रोफोन ठेवला की सर्व स्वर सारख्या ताकदीने आले पाहिजेत. हेडफोनला हा नियम लावता येत नाही. कानाची पाळी आणि कानाची नळी काही स्वर, विशेषतः तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे, आपसूक वाढवतात. त्यामुळे कानाच्या पडद्यापाशी पोचणारा नैसर्गिक आवाज सपाट नसतोच. मग हेडफोनने नक्कल कशाची करायची?

म्युनिकच्या प्रसारण-तंत्र संस्थेतले ग्युंटर थाइले यांनी १९८६ साली उत्तर सुचवलं. चहूबाजूंनी सारखा आवाज येणाऱ्या ध्वनिक्षेत्रात कानाला जे मिळतं, ते हेडफोनने द्यावं. स्टुडिओच्या हेडफोनवर या विचाराचा मोठा प्रभाव पडला. यात बेसला उचल नसते. पण आपण स्पीकर ऐकतो ते घरात. तिथे भिंती, फरशी आणि कोपरे खालच्या स्वरांना बळ देतात. गाण्यांचं मिक्सिंगही अशाच खोल्यांत, स्पीकरसमोर बसून होतं. त्या खोलीचा वाटा वगळलेला हेडफोन पुष्कळांना कोरडा आणि पातळ वाटायचा.

अमेरिकेतल्या हारमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२ च्या सुमारास हा प्रश्न थेट श्रोत्यांपुढे ठेवला. हारमन म्हणजे जेबीएल आणि एकेजी या ब्रँडची मालक, आणि २०१७ पासून स्वतः सॅमसंगच्या मालकीची. तेव्हा यात धंद्याचा हेतू होताच, पण प्रयोगाची रीत चोख होती. एकाच हेडफोनवर इक्वलायझरने वेगवेगळ्या हेडफोनची नक्कल उभी केली. त्यामुळे ऐकणाऱ्याला ब्रँड, किंमत, दिसणं, वजन यातलं काहीच कळत नव्हतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅनडा, अमेरिका, जर्मनी आणि चीन या देशांतले २३८ श्रोते होते. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा, म्हणजे बेसला उचल असलेला हेडफोन सरासरीने सर्वांत वर आला. वय, लिंग, अनुभव, देश यांनी या निकालात फारसा फरक पडला नाही.

यावरून सगळ्यांना एकच आवाज आवडतो असं वाटेल. पण तयार पर्यायांतून निवडणं आणि स्वतः बटण फिरवणं यांत फरक असतो. २०१५ च्या प्रयोगात २४९ श्रोत्यांच्या हाती बेस आणि ट्रेबलची बटणं दिली आणि मग माणसं पांगली. तरुण आणि ऐकण्याची सवय नसलेल्या श्रोत्यांनी बेसही जास्त घेतला आणि ट्रेबलही. पंचावन्नच्या पुढच्यांनी बेस कमी करून ट्रेबल वाढवला. स्त्रियांनी पुरुषांपेक्षा बेस कमी ठेवला. गाणं बदललं की बटणाची जागाही बदलत होती.

पुढे २०१८ साली १३० श्रोत्यांना ३१ हेडफोनच्या नकला ऐकवून त्यांच्या पसंतीचे गट पाडले, तेव्हा तीन गट निघाले. सुमारे ६४ टक्के लोकांना हारमनचा आलेख, म्हणजे या प्रयोगांतून ठरवलेली कोणता स्वर किती जोरात हवा याची आखणी, जवळपास होता तसाच आवडला. १५ टक्क्यांना ३०० हर्ट्झच्या खाली त्याहून तीन ते सहा डेसिबल जास्त हवे होते आणि यात पुरुष अधिक होते. उरलेल्या २१ टक्क्यांना दोन-तीन डेसिबल कमी हवे होते आणि या गटात स्त्रिया व पन्नाशीपुढचे श्रोते त्यांच्या एकूण प्रमाणापेक्षा जास्त होते. म्हणजे दर तिघांपैकी जवळजवळ दोघांचं ‘हवा तेवढा बेस’ यावर एकमत आहे. बाकीच्यांची दोन टोकं धरली तरी अंतर आठ-नऊ डेसिबलच्या आतलंच.

भरपाई क्रमांक एक : फट

हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत. तिथे हेडफोन नीट बसवलेला असतो, आवाज मोजून ठरवलेला असतो आणि आजूबाजूला शांतता असते. आपल्याकडे तिन्हींचा पत्ता नसतो.

पहिली गळती फटीतून होते. इअरफोनचा रबरी बोंडा कानाच्या नळीत घट्ट बसला तर आतली हवा कोंडली जाते आणि छोटासा पडदासुद्धा तिला खालच्या स्वरांपर्यंत हलवू शकतो. कुठे फट राहिली की हळू हलणारी हवा तिथून निसटते. भाता फाटलेल्या पेटीची गत होते, पण जातात ते फक्त खालचे स्वर. वरचे तसेच राहतात, म्हणून काहीतरी बिघडलंय हे पटकन लक्षात येत नाही. गाणं चालू असताना इअरफोन बोटाने हलकेच आत दाबून बघावा. बेस एकदम वाढला तर बोंडा लहान आहे, आणि कंपनीला नावं ठेवण्याआधी खोक्यातला मोठा बोंडा लावून बघायला हवा. दोन कान सारखे नसतात, त्यामुळे उजवीकडे मधला आणि डावीकडे मोठा बोंडा लावावा लागणं यात वावगं काही नाही.

मोठ्या हेडफोनमध्ये हीच करामत चष्म्याची काडी करते. गादी आणि कानामागची त्वचा यांच्यामध्ये ती शिरते आणि वरखाली बारीक फट पडते. दाट केस, मोठी कर्णभूषणं, वापरून दबलेली गादी यांचाही परिणाम तोच. चष्मेवाला जेव्हा म्हणतो की मला बेस जास्त लागतो, तेव्हा त्याची आवड बाजूला ठेवून आधी काडी बघावी.

भरपाई क्रमांक दोन : आवाजाची पातळी

अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की माणसाचा कान सर्व स्वरांशी सारखा वागत नाही, आणि त्याची वागणूक आवाजाच्या पातळीप्रमाणे बदलते. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हजार हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७८ डेसिबल लागतात. फरक ३८ चा झाला. हजार हर्ट्झचा स्वर ८० डेसिबलवर नेला की हाच फरक बावीसच्या आसपास येतो.

याचे दोन परिणाम होतात. रात्री घरातले झोपल्यावर आपण आवाज कमी करतो तेव्हा सर्वांत आधी बेस नाहीसा होतो. जुन्या डेकवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण असायचं ते याचसाठी, कमी आवाजात खालचे स्वर उचलायला. आवाज चढवून ऐकणाऱ्याला बेस आपोआप मिळतो, हळू ऐकणाऱ्याला तो मागून घ्यावा लागतो. दोघांची आवड एकच असूनही बटणं वेगळ्या जागी दिसतील.

दुसरा परिणाम सहसा कोणी सांगत नाही. हजार हर्ट्झला चाळीस डेसिबलमध्ये जेवढी मोठेपणाची चढण होते, तेवढी ५० हर्ट्झला चोवीसेक डेसिबलमध्येच उरकते. म्हणजे खालच्या पट्ट्यात पायऱ्या एकमेकींच्या जवळ आहेत. तिथे तीन डेसिबलचा बदल मधल्या पट्ट्यातल्या तीन डेसिबलपेक्षा बराच मोठा वाटतो. बेसवरून एवढी भांडणं का होतात, याचं हे एक कारण.

भरपाई क्रमांक तीन : गोंगाट, शरीर आणि रेकॉर्डिंग

लोकलचा खडखडाट, एसटीचं इंजिन, विमानाची घरघर यांची बरीच ताकद खालच्या पट्ट्यात असते. ती गाण्यातल्या बेसला झाकते आणि वरचे स्वर त्यातून तरून जातात. त्यामुळे चर्चगेटच्या गाडीत जमवलेला इक्वलायझर घरी आल्यावर बटबटीत वाटतो. गोंगाट मारणारे हेडफोन इथे कामाला येतात. एमआयटीतले प्राध्यापक अमर बोस यांना १९७८ साली विमानप्रवासात ही कल्पना सुचली. बाहेरचा आवाज टिपून त्याच्या उलट लाट सोडायची, हे तंत्र साधारण हजार हर्ट्झच्या खालीच उत्तम चालतं, म्हणजे नेमकं बेस झाकणाऱ्या आवाजावर.

दुसरी उणीव शरीराची. ढोल-ताशाच्या पथकासमोर उभं राहिलं की ढोलाचा ठोका छातीत बसतो, पायाखालची जमीन थरथरते. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०२२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मैफलीत ८ ते ३७ हर्ट्झचे, जाणीवपूर्वक ऐकूही न येणारे आवाज दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. ते चालू असताना लोकांची हालचाल सुमारे १२ टक्क्यांनी वाढली. खालचा स्वर नुसता कानाचा विषय नाही, हे त्यातून दिसतं. हेडफोन मात्र फक्त कानाला आवाज पोचवतो. रिक्षात मागच्या सीटमागे वूफर लावून फिरणाऱ्याला हेडफोन कितीही चांगला दिला तरी मिळमिळीत वाटतो, आणि मग तो बटण कमाल टोकाला नेतो.

तिसरी गोष्ट गाण्याची. रेकॉर्डिंगमध्ये बेस किती भरायचा याचं मानक कुठेही नाही. ज्या स्पीकरवर मिक्सिंग करणाऱ्याला बेस कमी ऐकू येतो, त्यावर तो जास्त भरतो. ते गाणं ऐकून पुढचा स्पीकर जोखला जातो. ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल यांनी या फेऱ्याला ‘गोंधळाचं वर्तुळ’ म्हटलं आहे. सत्तरच्या दशकातलं भावगीत आणि आजचं हिप-हॉप एकाच बटणावर दोन्ही बरोबर लागतील ही अपेक्षाच चुकीची. तानपुऱ्याचं तर आणखी वेगळं. त्याच्या जवारीमुळे मूळ स्वरापेक्षा वरचे अंशस्वर जोरात उठतात आणि त्यांवरून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून घेतो. त्यामुळे ६९ हर्ट्झ जवळपास काढूच न शकणाऱ्या मोबाइलच्या स्पीकरवरही खर्ज ‘ऐकू’ येतो. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला बेसची उणीव कमी भासते, यात त्याच्या अभिरुचीइतकाच तानपुऱ्याचाही हात आहे.

उरते ती आवड

हे सगळं वजा केल्यावरही माणसामाणसांत फरक उरतो. प्रयोगांत फट नव्हती, गोंगाट नव्हता, गाणी सारखीच होती, तरी तीन गट पडलेच. वयाचं कारण समजण्यासारखं आहे. वाढत्या वयात वरचे स्वर ऐकू येणं कमी होतं. शब्दांतले स, श, त हे त्यावरच ओळखू येतात. त्यात खालचे स्वर जोरात असले की ते वरच्यांना आणखी झाकतात. खालून वर असं झाकणं वरून खाली झाकण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं, हे १९२० च्या दशकापासून माहीत आहे. वडिलांची ‘शब्द कुठे आहेत’ ही तक्रार म्हणूनच खरी असते आणि बेस कमी करणं हा तिच्यावरचा खरा उपाय असतो.

स्वभावाचाही थोडा संबंध असावा. विल्यम मॅकाउन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाढवलेल्या बेसची आवड पुरुषांत आणि बंडखोर, बेधडक वृत्तीच्या लोकांत अधिक दिसली. ताल धरण्याची सोय ही आणखी एक बाजू. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की एकाच वेळी वाजणाऱ्या दोन सुरांपैकी खालच्या सुराची वेळ चुकली तर मेंदूला ती अधिक नेमकी कळते. लय सांभाळण्याचं काम जगभर खालच्या आवाजाच्या वाद्यांकडे का असतं, याचं एक उत्तर त्यात आहे. नाचायला किंवा व्यायामाला ऐकणाऱ्याला बेस जास्त लागतो आणि बंदिशीचे शब्द ऐकणाऱ्याला कमी. तोच माणूस सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसरा.

आपला आकडा कसा काढावा?

क्रम महत्त्वाचा. आधी फट बुजवावी, मग शांत खोलीत, रोज ऐकतो त्याच आवाजाला इक्वलायझर हाती घ्यावा. ॲपमधलं ‘बेस बूस्ट’ नावाचं तयार बटण टाळावं, कारण ते बऱ्याचदा दोनशेच्या वरचा भागही फुगवतं. ‘लो शेल्फ’ हा, ठरवलेल्या स्वराखालचा सगळा भाग एकत्र उचलणारा, पर्याय घेऊन तो शंभर हर्ट्झच्या आसपास ठेवावा. हारमनच्या प्रयोगातलं बेसचं बटणही १०५ हर्ट्झवरच होतं. चार वेगळ्या धाटणीची गाणी निवडावीत, त्यात एक तरी असं असावं की ज्यातला प्रत्येक शब्द पाठ आहे. दोन-दोन डेसिबलने वर जावं आणि ओळखीचे शब्द झाकोळू लागले की एक पायरी खाली यावं. बेस जेवढा वाढवला तेवढा प्रीॲम्प, म्हणजे इक्वलायझरमधली एकूण पातळीची पट्टी, खाली घ्यावा, नाहीतर ठोक्याच्या वेळी आवाज फाटतो. शिवाय नुसता मोठा झालेला आवाजही कानाला चांगलाच वाटतो आणि निर्णय फसतो. ठरवलेला आकडा दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने पुन्हा तपासावा, कारण कान थोड्याच वेळात कशालाही सरावतो.

हा खटाटोप नुसत्या चोखंदळपणासाठी नाही. बेस मिळत नाही म्हणून बहुतेक जण सरळ आवाज वाढवतात, आणि त्याबरोबर कानाला इजा करणारे मधले-वरचे स्वरही वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास एवढी मर्यादा सांगितली आहे. पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे पाचच तास. बोंडा बदलून आणि शेल्फ चार डेसिबल उचलून जो बेस मिळतो, त्यासाठी आवाज नऊ डेसिबल चढवणं हा तोट्याचा सौदा आहे. तेव्हा दुकानात ‘बेस कसा आहे’ विचारायला हरकत नाही, पण त्याआधी खोक्यात किती मापांचे बोंडे आहेत आणि ॲपमध्ये इक्वलायझर आहे का, हे विचारावं.